'तुमच्यात खातात का?' : नांदेड-लातूर परिसरातील आहारविचाराचा मागोवा

मराठवाड्यातील खेड्यात पाहुणा पंक्तीला बसविण्यापूर्वी यजमान एक प्रश्न हलक्या आवाजात विचारतो : 'तुमच्यात खातात का?' या वाक्यात कर्म नाही. काय खातात हे बोलून दाखविण्याची गरज उभयपक्षी कोणालाच वाटत नाही. त्याहून लक्षणीय आहे ते त्यातील सप्तम्यंत पद. प्रश्न 'तुम्ही खाता का?' असा क्वचितच असतो. तो 'तुमच्यात' असा असतो. म्हणजे पृच्छा व्यक्तीच्या आवडीची नाही व तिच्या शरीरधर्माची तर मुळीच नाही. ती घराची, कुळाची, जातीची आहे. उत्तरही त्याच वळणाने येते : 'आमच्यात चालतं', 'आमच्यात चालत नाही', किंवा 'चालतं, पण माझ्या गळ्यात माळ आहे'. या तिन्ही उत्तरांत मनुष्य नावाच्या प्राण्याचा उल्लेख नाही.

मनुष्य हा स्वभावतः मांसभक्षक की शाकभक्षक, हा प्रश्न आज नांदेड-लातूरच्या शिक्षित वर्गात मोठ्या हिरिरीने चर्चिला जातो, आणि तो अनादि काळापासून विचारला जात असावा असे चर्चा करणाऱ्यांना वाटत असते. वस्तुतः या भूभागाच्या इतिहासात तो फार उशिरा आलेला पाहुणा आहे. तो येण्यापूर्वी येथे आहाराविषयी विचार नव्हता असे नाही. उलट अतिशय बारकाईचा विचार होता. मात्र त्याचा आधार निराळा होता.

हा आधार प्रथम बाराव्या-तेराव्या शतकांत स्पष्ट दिसू लागतो. लातूर जिल्ह्याच्या शेजारच्या मुलखातील कल्याण येथे बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जळाच्या काळी बसवेश्वरांची चळवळ उभी राहिली, आणि तिच्या प्रभावाने या पट्ट्यात मांसवर्ज्य करणारा एक मोठा समाज स्थिर झाला. पुढे मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य' या ग्रंथाने त्याला मराठी वाणी दिली. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी अहिंसेचा आचार सांगितला; पारध्यांनी पिटाळलेला ससा स्वामींच्या मांडीखाली आश्रयास आल्याची लीळाचरित्रातील कथा सर्वपरिचित आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांचेही तीर्थस्थान आहे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. तिसरा प्रवाह वारकऱ्यांचा. नामदेवांशी जोडलेली नरसी ही नांदेडच्या शेजारच्या मुलखातली. तुळशीची माळ घालणे म्हणजे मांस व मद्य सोडणे, हा अर्थ इतका पक्का आहे की 'माळकरी' हा शब्दच बोलीत शाकाहारी या अर्थाने वापरला जातो.

या तिन्ही प्रवाहांत एक गोष्ट समान आहे. मांस वर्ज्य करावयाचे ते मनुष्याच्या दातांची अथवा आतड्यांची घडण तशी नाही म्हणून नव्हे. तर जीवदया आहे, दीक्षा आहे, व्रत आहे म्हणून. किंबहुना व्रताला अर्थ येतो तो सोडलेली गोष्ट खाता येण्याजोगी होती म्हणूनच. 'माळ घालणे' या क्रियापदाला 'माळ काढणे' हा प्रतिपक्ष भाषेत उपलब्ध आहे. स्वभावाला असा प्रतिपक्ष संभवत नाही.

व्रताच्या जोडीला दुसरे तत्त्व होते ते स्थळकाळाचे, आणि त्याचा सर्वांत समृद्ध पुरावा दैवतांच्या स्वयंपाकघरात सापडतो. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची प्रचंड यात्रा भरते. घोडे, गाढवे व इतर जनावरांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. परंतु आहारेतिहासाच्या दृष्टीने खंडोबा हे दैवतच मोलाचे आहे. परंपरेप्रमाणे त्याची पहिली पत्नी म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक आणि दुसरी बाणाई ही धनगराची. एकाच देवाच्या संसारात एक चूल न खाणाऱ्यांची व एक खाणाऱ्यांची. सवतींच्या भांडणाची लोकगीते या विसंगतीवर खुशाल विनोद करतात. तिचा निकाल लावण्याची घाई मात्र कोणी केलेली नाही. चंपाषष्ठीला देवाला नैवेद्य दाखवावयाचा तो वांग्याच्या भरिताचा व रोडग्याचा. बकऱ्याचा नवस फेडावयाचा तो देवळाच्या गाभाऱ्यापासून अंतर राखून. देव तोच, भक्तही पुष्कळदा तेच. बदलते ते ठिकाण.

चंपाषष्ठीचे वांगे हेही बोलके आहे. चातुर्मासात वांगी, कांदा व लसूण वर्ज्य करणारी घरे या दिवशी ती पुन्हा खाऊ लागतात. म्हणजे वनस्पती असणे ही भक्ष्यतेची पुरेशी खूण नाही. उलट दूध, दही, ताक व तूप हे प्राणिज पदार्थ अत्यंत सोवळ्या पंक्तीतही मानाने वाढले जातात. लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी या गोवंशाच्या दोन नामांकित जाती ज्या भूमीत निपजल्या, तेथे केवळ वनस्पतींवर जगणारा समाज कधी होता असे म्हणता येणार नाही. 'शाकाहार' हा संस्कृत घाटाचा शब्द म्हणूनच वस्तुस्थितीपेक्षा अरुंद ठरतो.

बोलीतील शब्द या बाबतीत अधिक प्रामाणिक आहेत. देवाला 'गोडा' नैवेद्य असतो व 'खारा' नैवेद्य असतो. भेद चवीने सांगितला आहे, प्राण्याने नव्हे. 'वशाट' हा शब्द वासावर बेतलेला. आणि 'कंदुरी' या शब्दाचा प्रवास तर एका स्वतंत्र लेखाचा विषय व्हावा. फारसीत कंदुरी म्हणजे जेवणाचे वस्त्र, विशेषतः चामड्याचे दस्तरखान. त्यावरून पीराच्या नावाने घातलेले जेवण, आणि मराठवाड्यात नवसाचे बकरे कापून गावाला घातलेली पंगत असा अर्थ झाला. या पंगतीत हिंदू व मुसलमान दोघेही जेवत. बकरे कापण्याचा अधिकार गावच्या मुलाण्याचा असे. मराठ्याच्या घरचे बकरे मुलाण्याने हलाल केल्याशिवाय चुलीवर चढत नसे, ही प्रथा एकेकाळी इतकी रूढ होती की तिच्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हते.

याच प्रदेशात, नांदेड येथे, याच्या अगदी उलट नियमही नांदला. गुरू गोविंदसिंह 1708 साली नांदेडला निवर्तले. महाराजा रणजितसिंहांच्या आश्रयाने 1832 ते 1837 या काळात तेथे सचखंड हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. हुजुरी परंपरेत विशिष्ट प्रसंगी बकऱ्याचा झटका करण्याची जुनी चाल आहे. लंगरात मात्र शाकाहारी भोजनच मिळते. 1945 साली मान्य झालेल्या शीख रहित मर्यादेने निषेध केला तो हलाल पद्धतीने कापलेल्या मांसाचा, सरसकट मांसाचा नव्हे. मुलाण्याचे हलाल आणि हुजुरी झटका यांत अंतर होते काही कोसांचे, परंतु दोन्हीकडे प्रश्न एकच होता : जनावर कोणी व कसे मारले. मनुष्य मांस पचवू शकतो की नाही, ही शंका दोन्हीकडे नव्हती.

मग दातांचा प्रश्न येथे आला कोठून?

युरोपात या युक्तिवादाची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात गॅसेंदी या फ्रेंच तत्त्वज्ञाने मानवी दातांच्या रचनेवरून मांसभक्षण अनैसर्गिक असल्याचे प्रतिपादन केले. 1813 साली शेली या कवीने नैसर्गिक आहाराच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिली. 1847 साली इंग्लंडात शाकाहारी मंडळ स्थापन झाले. हेन्री सॉल्टचे 1886 सालचे पुस्तक लंडनमध्ये विद्यार्थी असलेल्या गांधीजींच्या हाती पडले आणि आईला दिलेल्या वचनाखातर मांस टाळणारा तरुण विचारपूर्वक शाकाहारी झाला, ही हकीकत त्यांच्या आत्मकथेने सर्वांना ठाऊक झाली आहे. तिच्यात व्रताकडून युक्तिवादाकडे झालेले संक्रमण एका माणसाच्या आयुष्यात पाहावयास मिळते.

मराठवाड्यात हे संक्रमण मुख्यतः आर्यसमाजाच्या द्वारे झाले असे म्हणावयास हरकत नाही. स्वामी दयानंदांच्या 1881 सालच्या 'गोकरुणानिधी' या पुस्तिकेत हिंसक व रक्षक यांचा संवाद आहे, आणि त्यात सिंहाचे दात, माकडाचे दात व मनुष्याची माकडाशी असलेली समानता हे मुद्दे चर्चेला येतात. माकड मांस खात नाही, मग माणसाने ते का खावे, असा त्यातील एक तर्क आहे. स्वतः आर्यसमाजात या प्रश्नावर एकमत नव्हते; 1893 साली लाहोरला समाज दुभंगला त्यात मांसाहाराचा वाद हे एक मोठे कारण होते, आणि लोकांनी दोन्ही पक्षांना 'घासपार्टी' व 'मासपार्टी' अशी नावे ठेवली. निजामी राज्यात आर्यसमाज वाढला तो प्रामुख्याने राजकीय व धार्मिक दडपणाविरुद्धचे संघटन म्हणून. उदगीर हे त्याचे बळकट केंद्र. तेथील वकील भाई श्यामलाल यांचा 1938 साली बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला व 1938-39 चा सत्याग्रह देशभर गाजला. त्या काळी बीदर जिल्ह्यात असलेले उदगीर 1956 च्या पुनर्रचनेत मराठी मुलखात आले व 1982 साली नव्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाले. या चळवळीबरोबर जी विचारसरणी खेड्यापाड्यांत पोहोचली तिच्यात आहाराचा प्रश्न प्रथमच 'तुमच्यात' या पदातून सुटून 'मनुष्य' या पदाला चिकटला. ही केवढी मोठी वैचारिक उडी होती हे मान्य केले पाहिजे. परंतु सर्व मानवांविषयी विधान करावयाचे तर ते सर्व मानवांच्या पुराव्यावर टिकावयास हवे.

ते टिकत नाही. 1960 साली जेन गुडाल यांनी टांझानियातील गोंबे येथे चिंपांझींना मांस खाताना पाहिले, आणि माकडवर्गीयांच्या निर्दोष शाकाहाराचा आधार निसटला. दुसऱ्या पक्षाचा पायाही तितकाच ठिसूळ आहे. मानवाला सुळे आहेत म्हणून तो मांसभक्षक, असे म्हणावे तर गोरिलाचे सुळे कितीतरी मोठे असून तो पाला खातो. मानवाचे शरीर दोन्हीकडे ऋणी आहे. 'क' जीवनसत्त्व स्वतः बनविण्याची शक्ती त्याच्या पूर्वजांनी फार पूर्वी गमावली. त्यासाठी त्याला बहुतांशी फळे-भाजीपाल्याकडे हात पसरावा लागतो. 'ब-12' हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. त्यासाठी दूध, अंडी, मासे अथवा मांस हवे. पुणे परिसरातील 441 मध्यमवयीन पुरुषांची डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी 2006 साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत 'ब-12'चे प्रमाण कमी आढळले, आणि शाकाहाऱ्यांना धोका अधिक दिसला. दंतरचनेवरचा सारा वाद रिचर्ड रँगम यांच्या 2009 सालच्या प्रतिपादनाने आणखी गौण ठरविला आहे : त्यांच्या मते मानवाचे लहान दात व आखूड आतडे हे शिजविलेल्या अन्नाशी जुळलेले आहेत. शिजते ते कंदही आणि मांसही.

2016 साली पुण्यातील 234 प्रायः शाकाहारी व्यक्तींचा एक अनुवंशशास्त्रीय अभ्यास गाजला. वनस्पतिजन्य स्निग्धाम्लांपासून शरीराला लागणारी लांब साखळीची स्निग्धाम्ले तयार करण्यास साहाय्यक असे एक जनुकरूप त्यांच्यापैकी 68 टक्क्यांत दोन्ही प्रतींत आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या 311 अमेरिकनांत हे प्रमाण 18 टक्के होते. वृत्तपत्रांनी लगेच 'शाकाहारी जनुक' असे बारसे केले. परंतु हेच रूप आफ्रिकेतील निम्म्याहून अधिक लोकांत आहे, आणि ते सारे शाकाहारी नव्हेत. ग्रीनलंडच्या इन्युइटांत याच जनुकसमूहाने मत्स्यमय आहाराशी जुळते घेतल्याचे 2015 साली दाखविण्यात आले. आहार शरीराला वळण लावतो, हे यातून सिद्ध होते. शरीराने आहार ठरवून दिला होता, हे सिद्ध होत नाही.

दख्खनच्या काळ्या मातीतील पुरावाही याला पोषक आहे. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या खोऱ्यात हत्ती व रानबैल यांसारख्या हिमयुगीन प्राण्यांचे जीवाश्म सापडले आहेत. या मैदानात शिकारीला तोटा नव्हता. शेतकऱ्यांच्या पहिल्या पिढ्यांविषयी सर्वांत तपशीलवार माहिती मिळते ती पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननातून, आणि तेथील जमीन व पाऊसमान मराठवाड्याहून फार निराळे नाही. इ. स. पूर्व 1600 ते 700 या काळातील ही वसाहत जव, गहू, मसूर, कुळीथ पिकवीत असे. गुरे, शेळ्या-मेंढ्या व हरणेही खात असे. हवामान रुक्ष होऊन शेती आखडली तेव्हा तिचा कल पशुपालन व शिकारीकडे वाढला, असे डॉ. म. के. ढवळीकर यांचे प्रतिपादन आहे. पाऊस आटला की ताट बदलले. स्वभाव बदलला असे कोणी म्हणणार नाही.

आज मराठवाड्याचे मूळ अन्न म्हणून जिचा गौरव होतो ती ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेतली; मिरची व भुईमूग अमेरिकेतले. लातूरची ख्याती ज्या सोयाबीनच्या बाजारासाठी आहे ते पीक तर येथे कालपरवा आलेले. आणि ज्वारीचा धडा कठोर आहे. भाकरीबरोबर तुरीचे वरण असेल तर ज्वारीत जे लायसीन कमी पडते ते तूर भरून काढते; या जोडीवर येथील सुस्थित शाकाहारी घरे पिढ्यान् पिढ्या निरोगी राहिली. परंतु ज्याच्या ताटात भाकरी व तिखट याखेरीज काही नव्हते त्याचे काय? दख्खनच्या पठारावरील ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळत असे : उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे खवले, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रम. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 साली ज्वारीतील ल्यूसीनच्या आधिक्याशी याचा संबंध जोडला. उपपत्तीवर पुढे वाद झाले. रोग मात्र खरा होता, आणि त्यावर उतारा असलेले नायसिन मांसात, तसेच शेंगदाण्यातही मुबलक असते. तेव्हा शाकाहार पुरतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रात अर्धेच मिळते. उरलेले अर्धे ताटात वरण आहे की नाही यावर अवलंबून असते.

येथे हा इतिहास त्याच्या सर्वांत अवघड भागाशी येऊन ठेपतो. भारताच्या महानिबंधकांच्या 2014 सालच्या पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील सुमारे 40 टक्के लोकांनी स्वतःस शाकाहारी म्हटले. उरलेले बहुसंख्य असूनही सार्वजनिक बोलण्यात प्रतिष्ठा पहिल्यांच्याच आहाराला आहे. आणि 'नैसर्गिक आहार' या शब्दप्रयोगाने त्या प्रतिष्ठेला शास्त्राचे पांघरूण मिळते. ज्याचा आहार निसर्गविरुद्ध ठरतो तो माणूसही मग काहीसा कमी ठरतो. 'आमच्यात चालत नाही' या जुन्या उत्तरात अहंकार असेल, पण त्यात दुसऱ्याच्या मनुष्यत्वावर शेरा नव्हता, असे वाटण्याचा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे. कारण 'तुमच्यात खातात का?' हा प्रश्न महारवाड्यात व मांगवाड्यात कोणी विचारतच नसे. तेथे पंक्तीला बसावयाचेच नव्हते.

गावात मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांचे काम होते. तो त्यांचा हक्क म्हणून सांगितला जाई व सक्ती म्हणून लादला जाई. ते मांस खाल्ले म्हणून त्यांना अपवित्र ठरविले, आणि अपवित्र म्हणून दुसरे अन्न मिळू दिले नाही. डॉ. आंबेडकरांनी मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले ते आरोग्याच्या किंवा दंतरचनेच्या आधारावर नव्हे, स्वाभिमानाच्या आधारावर. 1948 सालच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण व अस्पृश्यता यांचा ऐतिहासिक संबंध मांडला. त्यांची उपपत्ती सर्वांनी स्वीकारली आहे असे नाही. पण कोणता आहार कोणाच्या माथी का आला, हा प्रश्न आहाराच्या इतिहासात त्यांच्याइतक्या रोखठोकपणे त्यापूर्वी क्वचितच कोणी विचारला असेल.

2015 साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या स्वयंपाकाची ही नोंद आहे : वजडी, रक्ती, उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या. तेल महाग म्हणून चरबी. भाजी विकत घेणे परवडत नाही म्हणून रानातला पाला. ज्यांना दंतरचनेच्या आधारे मांसाहारी म्हणावे त्यांच्या ताटात वर्षातले बहुतेक दिवस पाला व भाकरीच होती, हे या पुस्तकातून प्रकर्षाने जाणवते. त्याच वर्षी राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली आणि परप्रांतातून आलेले गोमांस बाळगण्यावरील बंदी रद्द केली. या खटल्यातही मुख्य प्रश्न मानवी आतड्यांचा नव्हता.

बैलापाशीच थोडे थांबले पाहिजे. देवणी किंवा लाल कंधारी बैल जिवंत असेपर्यंत न खाणाऱ्यांची ज्वारी नांगरून देत असे. तो मेला की खाणाऱ्यांकडे जाई. त्याचे कातडे ढोर कमावीत, आणि त्या कातड्याची मोट होई. मोटेचा नाडा मांगाने वळलेला असे. लोखंडी मोट व नंतर इंजिने येईपर्यंत या मुलखातील विहिरीचे पाणी चामड्याच्या त्या पिशवीतूनच वर येत असे, थारोळ्यात पडत असे, आणि पाटाने मळ्यात जाऊन चंपाषष्ठीच्या नैवेद्याची वांगी पोसत असे.